९० हजार किलोमीटर चाललेली स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळतेय, घ्यावी का?

रील्समध्ये हल्ली एक प्रकार हमखास दिसतो. लाल किंवा पिवळ्या रंगाची दोन दारांची गाडी, मागे जोरदार बीट आणि खाली ओळ : ‘नव्या एसयूव्हीच्या किमतीत पोर्शे!’ कमेंट्समध्ये मित्रांना टॅग केलं जातं, ‘भावा, घेऊन टाक’ असे सल्ले येतात. गाडी किती चालली आहे, हे मात्र शेवटी कुठेतरी बारीक अक्षरात असतं. ७० हजार, ९० हजार, कधी लाखाच्याही वर.

मग प्रश्न पडतो, इतकी चाललेली स्पोर्ट्स कार घेणं शहाणपणाचं आहे का? थोडक्यात उत्तर द्यायचं तर किलोमीटरचा आकडा एकटा काहीच ठरवत नाही. दोन गोष्टी ठरवतात. गाडीची देखभाल कशी झाली याचा कागदी पुरावा आहे का? आणि गाडी घेतल्यानंतर तुमच्याकडे दुरुस्तीसाठी पैसे उरणार आहेत का? यातल्या एकाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर कमी चाललेली गाडीही महागात पडू शकते. दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर ९० हजारवाली गाडीही विचार करण्याजोगी असते.

हे नीट समजण्यासाठी आपण एकच गाडी उदाहरणाला घेऊ : पोर्शे बॉक्सटर.

बॉक्सटरच का?

बॉक्सटर ही पोर्शेची दोन सीटची, उघडता येणाऱ्या छताची गाडी. १९९६ मध्ये ती बाजारात आली. या पहिल्या पिढीला पोर्शेच्या भाषेत ९८६ म्हणतात. २००४ च्या अखेरीस ९८७ ही दुसरी पिढी आली आणि ती २०१२ पर्यंत चालली. जुन्या पोर्शे गाड्यांमध्ये ९११ च्या मानाने ती स्वस्त असते, म्हणून ‘पहिली स्पोर्ट्स कार’ शोधणाऱ्यांची नजर तिच्यावर जाते.

या गाडीचं इंजिन सीटच्या मागे, मागच्या चाकांच्या पुढे असतं. पुढचं बॉनेट उघडलं तर आत सामान ठेवायची जागा दिसते आणि मागची डिकी उघडली तरी सामानाचीच जागा. इंजिन सहज दिसतच नाही. त्यामुळे ‘आमच्या ओळखीचा मेकॅनिक बघून सांगेल’ हा आपला नेहमीचा उपाय इथे अपुरा पडतो. गाडी लिफ्टवर घ्यावी लागते आणि त्या इंजिनची माहिती असलेला माणूस लागतो.

९० हजार किलोमीटर म्हणजे खरंच जास्त का?

समजा २०१० ची गाडी २०२५ मध्ये ९० हजारांवर आहे. वर्षाला सहा हजार, म्हणजे दिवसाला जेमतेम १६ किलोमीटर. एखाद्या नोकरदाराची साधी हॅचबॅक याहून जास्त चालते. स्पोर्ट्स कारच्या बाबतीत आपल्याला हा आकडा मोठा वाटतो, कारण अशा गाड्या फक्त रविवारी सकाळी बाहेर निघतात अशी आपली समजूत असते.

उलट, उभी राहिलेली गाडी आपोआप चांगली राहत नाही. रबरी सील कडक होतात आणि तेल झिरपायला लागतं. बॅटरी मरते. टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर जुनं होऊन पकड सोडतं. टाकीतलं पेट्रोल खराब होतं. महिन्यातून एकदा गाडी पाच मिनिटं चालू करून बंद केली, तर इंजिन पूर्ण तापतच नाही आणि आतली वाफ तेलात मिसळते. थंड इंजिन चालू होताना झीजही जास्त होते.

म्हणून १५ वर्षांत फक्त १५ हजार किलोमीटर चाललेली गाडी आणि नियमित सर्व्हिस होऊन ९० हजार चाललेली गाडी यांत पहिली चांगली असेलच असं नाही. पहिलीचं वय तिच्या रबरावर आणि सीलवर दिसतं. दुसरीतले बरेचसे झिजणारे भाग एव्हाना बदलून झालेले असू शकतात. ते खरंच बदललेत का, हे बिलं पाहून कळतं.

किलोमीटरपेक्षा गाडी कोणत्या साली बनली ते बघा

प्रत्येक मॉडेलची एक ठरलेली दुखणी असतात. सौदा करण्याआधी ती माहीत असायला हवीत. बॉक्सटरच्या बाबतीत सगळ्यात प्रसिद्ध दुखणं आहे ‘आयएमएस बेअरिंग’चं.

इंजिनमध्ये क्रँकशाफ्टकडून कॅमशाफ्टकडे गती पोहोचवणारा एक मधला दांडा असतो, इंटरमीडिएट शाफ्ट. त्याच्या एका टोकाला असलेलं हे बेअरिंग. ते तुटलं तर कॅमशाफ्टचं वेळापत्रक बिघडतं, पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू शकतात. मग दुरुस्ती उरत नाही, इंजिनच बदलावं लागतं.

अमेरिकेत २००१ ते २००५ च्या बॉक्सटर आणि ९११ गाड्यांच्या मालकांनी यावरून पोर्शेविरुद्ध सामूहिक दावा केला होता. २०१३ मध्ये त्यात तडजोड झाली. या काळातल्या बऱ्याच गाड्यांमध्ये एकेरी बेअरिंग होतं आणि तेच सगळ्यात कमजोर मानलं जातं. त्याआधीच्या गाड्यांमधलं दुहेरी बेअरिंग जास्त टिकाऊ ठरलं. साधारण २००६ ते २००८ च्या गाड्यांमध्ये मोठं आणि जास्त मजबूत बेअरिंग आलं, पण ते बदलायचं तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं. २००९ च्या मॉडेलपासून पोर्शेने नवं इंजिन आणलं आणि त्यात हा मधला दांडाच ठेवला नाही.

आता किलोमीटरच्या आकड्याकडे पुन्हा बघा. ४० हजार चाललेली २००४ ची गाडी आणि ९० हजार चाललेली २०१० ची गाडी समोर असतील, तर या एका मोठ्या धोक्यापुरती जास्त चाललेली गाडी सुरक्षित आहे. या गाड्यांवर काम करणारे अनेक मेकॅनिक असंही सांगतात, की नियमित चालणाऱ्या आणि वेळेवर ऑइल बदललेल्या गाड्यांमध्ये हे बेअरिंग जास्त टिकतं.

दुसरं दुखणं सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पडण्याचं. २००८ पर्यंतच्या इंजिनांमध्ये, विशेषतः ३.४ लिटरच्या मोठ्या इंजिनात, ते आढळतं. टकटक आवाज, तेल लवकर कमी होणं, सायलेन्सरच्या एकाच बाजूला जास्त काजळी ही त्याची लक्षणं. खात्री करायची तर बोरस्कोप, म्हणजे बारीक कॅमेरा, सिलिंडरमध्ये घालून बघावं लागतं. ऐकून किंवा चालवून याचा पक्का निकाल लागत नाही.

दुसरी कोणतीही स्पोर्ट्स कार बघत असाल तरी पद्धत हीच. आधी त्या मॉडेलची, त्या वर्षाची, त्या इंजिनची ठरलेली दुखणी शोधा आणि मग गाडी बघायला जा.

मीटर खरं बोलतोय का?

जुन्या गाड्यांच्या बाजारात मीटर मागे फिरवणं ही नवी गोष्ट नाही. डिजिटल मीटर आले तरी ती थांबलेली नाही. ते पकडायचे काही मार्ग आहेत.

पहिला, सर्व्हिसच्या नोंदी. प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. ते क्रमाने वाढत गेलेत का ते बघा. मधली तीन-चार वर्षं गायब असतील तर कारण विचारा.

दुसरा मार्ग पोर्शेसारख्या गाड्यांमध्ये फार उपयोगी पडतो. इंजिनच्या संगणकात इंजिन एकूण किती तास चाललं याची नोंद असते. कंपनीच्या स्कॅनरवर ती दिसते. मीटरवरचे किलोमीटर भागिले तास केले की सरासरी वेग मिळतो. ९० हजार किलोमीटर आणि २,८०० तास असतील तर सरासरी ताशी ३२ किलोमीटर. शहर आणि हायवे मिळून हे पटण्याजोगं आहे. पण मीटर ४० हजार दाखवतोय आणि तास २,८०० आहेत, तर सरासरी ताशी १४ वर येते. गाडी कायम मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली असेल तर हेही शक्य आहे, पण मग मालकाला तसा प्रश्न विचारायला हवा.

तिसरा मार्ग साधा आहे. स्टिअरिंगचं लेदर, ड्रायव्हर सीटची दरवाजाकडची कड, ब्रेक पेडलचं रबर बघा. ३० हजार दाखवणाऱ्या गाडीत हे सगळं गुळगुळीत झालेलं असेल तर काहीतरी जुळत नाही.

याच स्कॅनमध्ये आणखी एक माहिती मिळते. इंजिन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरलं, तर ते किती वेळा आणि इंजिनच्या कितव्या तासाला, याची टप्प्याटप्प्याने नोंद असते. मॅन्युअल गाडीत जोरात असताना चुकून खालचा गिअर पडला की असं होतं. वरच्या टप्प्यांतल्या नोंदी अलीकडच्या असतील तर ती गाडी सोडलेली बरी. ती घटना शेकडो तासांपूर्वीची असेल आणि इंजिन अजून ठणठणीत असेल, तर धोका बराच कमी.

तपासणीत काय बघायचं?

खरेदीआधीची तपासणी विकणाऱ्याच्या गॅरेजमध्ये करू नका. पैसे तुमचे, गॅरेजही तुम्ही निवडलेलं असावं. पोर्शेच्या अधिकृत जुन्या गाड्यांच्या योजनेत १११ मुद्द्यांची तपासणी असते, त्यावरून किती बारकाईने बघावं लागतं याचा अंदाज येईल. बाहेरून गाडी घेताना किमान एवढं तरी बघाच :

- इंजिन पूर्ण थंड असताना चालू करा. तुम्ही पोहोचण्याआधीच ते गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. सुरुवातीचा आवाज आणि धूर तेव्हाच कळतो.
- ऑइल फिल्टर कापून बघायला सांगा. त्यात धातूची चमक दिसली तर पुढची चर्चा थांबवा.
- मॅन्युअल असेल तर क्लच तपासा. तो बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. २००९ पासूनच्या ऑटोमॅटिक गाड्यांमध्ये ‘पीडीके’ हा डबल क्लच गिअरबॉक्स येतो. त्याचं ऑइल कधी बदललं, याचं बिल मागा.
- बॉक्सटरचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या आत, दोन्ही कोपऱ्यांत असतात. तिथे पालापाचोळा आणि प्लास्टिक साचून ते सडतात. टॉर्च लावून बघा.
- छताच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी वाटा असतात. त्या तुंबल्या तर पावसाचं पाणी गाडीत येतं आणि सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक युनिटपर्यंत पोहोचतं. मग गाडी स्वतःची चावीच ओळखेनाशी होते. आपल्याकडच्या पावसात हा मुद्दा अजिबात किरकोळ नाही. कार्पेट उचलून हाताने ओल बघा.
- गाडी पुरात बुडाली होती का ते बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या टोकाला गाळाचे डाग राहतात. सीटच्या खालच्या पट्ट्यांवरचा गंजही बघा.
- टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. या गाडीत पुढच्या आणि मागच्या टायरची मापं वेगळी असतात, त्यामुळे पुढचे-मागचे अदलाबदल करून काम भागत नाही.
- पोट बघा. उंच स्पीडब्रेकरवर घासून खालची आवरणं, पाइप आणि सस्पेन्शनचे बुश यांची वाट लागलेली असू शकते.
- रंगाची जाडी मोजणाऱ्या यंत्राने सगळे पत्रे तपासा. अपघातानंतरचं डेंटिंग-पेंटिंग त्यात उघडं पडतं.

विकणारा तपासणीला नकार देत असेल, किंवा ‘उद्या दुसरी पार्टी येतेय, आजच टोकन द्या’ म्हणत असेल, तर टोकन देऊ नका.

कागदपत्रांत कुठे अडकायला होतं?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१० ची बॉक्सटर २०२५ मध्येच ही मर्यादा गाठते. त्यापुढे आरटीओची तपासणी पास करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, सोबत पर्यावरण करही भरावा लागतो. एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या साध्या कारचं नूतनीकरण शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, आणि आयात गाडीचं १५ हजारांवरून ४० हजार. २० वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ पासून याहून जास्त शुल्क आहे. गाडी १४ वर्षांची असेल, तर हा खर्च मालक तुमच्या गळ्यात टाकून मोकळा होतोय, हे भाव करताना लक्षात ठेवा.

दिल्लीच्या गाड्या स्वस्त का दिसतात, याचंही उत्तर इथेच आहे. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले आणि पुढे त्यात बदल होत गेले. तिथली गाडी महाराष्ट्रात आणायची तर एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला रोड टॅक्स दोन्ही लागतात. टॅक्स किती बसेल हे आरटीओतून आधी काढून घ्या, मगच ‘स्वस्त’ म्हणा.

मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. आरसीवरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः ताडून बघा. थकलेले ई-चलन ऑनलाइन दिसतात, तेही तपासा. विमा तुमच्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचा असतो.

आयात केलेल्या गाडीचे कस्टम्सचे कागद मागायला लाजू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये कस्टम्सने ‘ऑपरेशन नुमखोर’ नावाची मोहीम राबवली. भूतानमार्गे बेकायदा आणलेल्या महागड्या गाड्यांचा तो तपास होता. अशी गाडी जप्त झाली तर तिच्याबरोबर तुमचे पैसेही अडकतात.

जीएसटीबद्दलही एक गैरसमज आहे. जानेवारी २०२५ पासून जुन्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, पण तो नोंदणीकृत व्यावसायिकाच्या नफ्याच्या रकमेवर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला स्वतःची गाडी विकली तर तो लागत नाही.

खरं गणित

जुन्या स्पोर्ट्स कारची किंमत वर्षागणिक उतरते, तिच्या पार्टची मात्र उतरत नाही. विकत घेताना गाडी जुन्या भावाची असते. ब्रेक डिस्क बदलायची वेळ आली की ती पुन्हा नव्या पोर्शेच्या भावाची होते. अनेकांची फसगत इथेच होते. आटापिटा करून २५ लाख जमवले, गाडी दारात आली आणि चार महिन्यांनी दोन लाखांच्या बिलासाठी ती गॅरेजमध्ये उभी राहिली. मग बिल भरवत नाही आणि बिघडलेल्या गाडीला गिऱ्हाइकही मिळत नाही.

म्हणून सौदा ठरवण्याआधी पाच गोष्टींची लेखी कोटेशन घ्या : क्लच, चारही टायर, ब्रेक डिस्क आणि पॅड, वॉटर पंप, सस्पेन्शन. प्रत्येकाचं मजुरीसकट. यातलं काय काय पुढच्या वर्षभरात लागेल, हे तपासणीच्या रिपोर्टवरून कळतं. त्यात विमा, ट्रान्सफर आणि पहिली पूर्ण सर्व्हिस मिळवा. ही बेरीज किमतीतून कमी करून घ्यायचा प्रयत्न करा.

साधा हिशेब असा ठेवता येईल. २५ लाखांचं बजेट असेल तर २० लाखांपर्यंतची गाडी बघा आणि पाच लाख बाजूला ठेवा. हे पाच लाख घरच्या आजारपणासाठी किंवा मुलांच्या फीसाठी ठेवलेल्या पैशांतून येणार असतील, तर ते धरू नका. १० वर्षांवरच्या गाडीला बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत, मग लोक पर्सनल लोन घेतात. एकीकडे चढ्या व्याजाचा हप्ता, दुसरीकडे कधीही येणारं दुरुस्तीचं बिल, अशा कात्रीत सापडण्यापेक्षा थांबलेलं बरं.

पेट्रोलचाही विचार करा. देशात आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पेट्रोल सगळीकडे मिळतं. २०१० ची गाडी बनली तेव्हा हे मिश्रण डोळ्यांसमोर नव्हतं. इंधनाचे रबरी पाइप आणि सील तपासून घ्या आणि गाडी महिनोन्‌महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

मग घ्यायची की नाही?

तीन गोष्टी असतील तर जास्त चाललेली गाडी घ्यायला हरकत नाही. सुरुवातीपासूनची सर्व्हिसची फाइल, स्वतंत्र गॅरेजचा स्वच्छ रिपोर्ट आणि दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेले पैसे. शिवाय रोज ऑफिसला जाण्यासाठी दुसरं वाहन हवं, कारण अशा गाडीचा एखादा पार्ट परदेशातून यायला वेळ लागू शकतो.

फाइल नसेल, तपासणीला नकार असेल किंवा सगळी बचत किमतीतच संपणार असेल, तर मीटर २० हजार दाखवत असला तरी ती गाडी तुमच्यासाठी नाही.

तपासणीचे काही हजार रुपये देऊन शेवटी गाडी घेतली नाही, तर पैसे वाया गेले असं अनेकांना वाटतं. पण त्या काही हजारांत तुमचे काही लाख वाचलेले असतात. बाजारात दुसरी बॉक्सटर येतेच. पुढची बघायला जाल तेव्हा मालकाला आधी सर्व्हिसची फाइल मागा, आणि ती वाचून होईपर्यंत गाडीत बसू नका.